आईनं चोरलेला पाला

माझ्या आईनं आयुष्यात एकदाच चोरी केली. सकाळी साडेसातला, नुकतं उजाडत असताना, पंजाबी ड्रेसवर स्वेटर आणि स्वेटरवर बाबांचं जॅकेट चढवून, शेजारच्या अंगणातून. चार खेपा केल्या, अगदी खुशीत केल्या, आणि तिसऱ्या खेपेला कुत्रं फिरवत चाललेल्या एका माणसाला हात हलवून "गुड मॉर्निंग"सुद्धा म्हणाली. आता माझे केस पिकलेत, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, पण ही गोष्ट सांगायची म्हटली की मान आपोआप ताठ होते. लोक म्हणतात, आईच्या चोरीची गोष्ट अशी मिरवत काय सांगता? म्हटलं, आधी ऐकून तर घ्या.

आम्ही वर्ध्याहून कॅनडातल्या रेजिनाला आलो ते नोव्हेंबरात. बाबांना तिथल्या एका सरकारी खात्यात कॉम्प्युटरची नोकरी लागली होती. मी बारा पूर्ण करून तेराव्यात होते. विमानतळावरून घरी येताना पाहिलं तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं उघडीबोडकी, एक पान नाही, आणि खाली सगळं पांढरं. आई टॅक्सीतून बघत राहिली आणि म्हणाली, "इथली झाडं मेली की काय?" तो पहिला हिवाळा आईला फार जड गेला. वर्ध्याला ती शाळेत विज्ञान शिकवायची. भाजीवाली असो, बँकेतला शिपाई असो, बसस्टँडवरचा कंडक्टर असो, अर्धं गाव तिला "मोहोड मॅडम" म्हणून हाक मारायचं, कारण अर्ध्या गावानं तिच्या हातचा मार खाल्ला होता. रेजिनात कोणी तिला कुठल्याच नावानं हाक मारत नव्हतं. इंग्रजी तिला वाचता यायचं, चांगलं यायचं, पण इथल्या लोकांचं तोंडातल्या तोंडात बोलणं तिच्या कानाला लागत नसे. ग्रोसरीच्या दुकानातसुद्धा मी सोबत लागायची. "मी आठ दिवस घराबाहेर पडले नाही तरी या गावात कोणाला पत्ता लागत नाही," असं ती एकदा भांडी घासता घासता म्हणाली. रडत नव्हती, नुसतं सांगत होती, म्हणून मला जास्त भीती वाटली.

त्या घरांची एक गंमत होती. खाली बेसमेंटमध्ये भट्टी, आणि तिथून गरम हवा पत्र्याच्या नळ्यांनी प्रत्येक खोलीत येई. जमिनीतल्या जाळीतून हवा येई, आणि हवेबरोबर बोलणंही येई. आईबाबांच्या खोलीतलं सगळं मला माझ्या पलंगाशेजारच्या जाळीतून ऐकू यायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. मार्च महिन्यात एका रविवारी दुपारी, मी अभ्यास करतेय असं समजून, आई म्हणाली, "अहो, मी शलाकाला घेऊन परत जाते. शाळेत माझी जागा अजून भरली नाही. तुम्ही सुट्टीत येत जा." बाबा म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांब. एक उन्हाळा बघ. दिवाळीला तू म्हणशील तसं करू, मी अडवणार नाही." बाबा शब्दाचे पक्के. म्हणजे ठरलं. मला मात्र जायचं नव्हतं. मला इथली लायब्ररी आवडायला लागली होती, बर्फावर न पडता चालता यायला लागलं होतं, आणि मला माझ्या वर्गातली ॲबी भेटली होती. आणि आईशिवाय मला राहायचंही नव्हतं. तेव्हापासून मी आईच्या चेहऱ्याकडे परीक्षेच्या निकालासारखी बघायला लागले.

मे महिन्यात बर्फ गेलं आणि मागच्या अंगणातली माती उघडी पडली. आईनं अनवाणी पायानं त्यात एक पाऊल टाकलं, आणि पाय वर काढला तर तळव्याला ही एवढी काळी चिकट माती. "अगंबाई! ही तर आपलीच!" ती अशी ओरडली की बाबा चहा टाकून बाहेर आले. खरंच आमच्याकडच्या काळ्या मातीसारखी होती, ओली झाली की चप्पल ओढून घेणारी, वाळली की भेगा पडणारी. इथले लोक तिला गंबो म्हणून शिव्या घालत. आई मात्र त्या दिवसापासून बदलली. कुदळ आणवली, वाफा केला, वर्ध्याहून मागवलेली मेथी आणि अंबाडी पेरली, टोमॅटोची रोपं लावली. अंबाडीची भाजी खाताना बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी मिरचीवर ढकललं. पण माती घट्ट होती, मुळं खाली जात नव्हती, आणि आई वाफ्याशी बसून म्हणायची, "हिला पाला पाहिजे. भरपूर पाला कुजवला तर ही माती लोण्यासारखी होईल."

आणि मग फॉल आला, पानगळीचा मोसम. तुम्ही तो कधी पाहिला नसेल तर सांगून कळायचा नाही. आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना जुनी एल्मची झाडं, वर फांद्या एकमेकींत गेलेल्या. सप्टेंबरच्या अखेरीस पंधरा दिवसांत सगळी पिवळी झाली आणि आई मान वर करून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, मागून गाडी आली तरी हलेना. गाडीवालाही थांबून राहिला बिचारा, हॉर्न वाजवला नाही. सकाळी उठलं की आकाशातून गीज, म्हणजे रानहंस, ओरडत जात, बाहेर सगळीकडून रेकचा, म्हणजे पाला ओढायच्या दाताळ्याचा, खर्र खर्र आवाज, आणि भट्टी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा घरभर जळक्या धुळीचा वास. रात्री दंव पडेल असं रेडिओवर सांगितलं की आम्ही तिघं जुन्या चादरी घेऊन टोमॅटोंना पांघरूण घालायला धावायचो. शेवटी एक दिवस आईनं सगळे हिरवे टोमॅटो उतरवले आणि शेंगदाणे, तीळ घालून त्यांची चटणी केली. त्या महिन्यात आम्ही चटणीबरोबर काय नाही खाल्लं! पोळी, ब्रेड, मी तर एकदा पिझ्झासुद्धा. आजही हिरव्या टोमॅटोच्या फोडणीचा वास आला की मला रेजिनाचा ऑक्टोबर दिसतो, वर्धा नाही.

पण आईला खरं वेड लागलं ते पाल्याचं. लोक अंगणातला पाला गोळा करून मोठमोठ्या पिशव्यांत भरत आणि घरामागच्या गल्लीत कचऱ्याच्या डब्यांशेजारी ठेवून देत. आईचा जीव कळवळायचा. "असं खत फेकून देतात हे लोक? यांना कोणी शिकवलं नाही का?" बाबांनी सांगितलं की गल्लीत ठेवलेलं म्हणजे फेकलेलंच, न्यायला हरकत नाही. झालं! मोहोड मॅडमना सरकारी परवानगी मिळाली. रोज सकाळी, कचऱ्याच्या वारी तर गाडी यायच्या आत, आई गल्लीत फेरी मारायची. झुडपाच्या काटक्या बांधून तिनं स्वतःचा खराटा केला होता, कारण रेकनं तिचं समाधान होत नसे. पाला वाफ्यावर पसरायचा, पाणी मारायचं, वर थोडी माती टाकायची. आणि पिशव्या? पिशव्या धुवायच्या, अर्थातच. आमच्या घरात कुठलीही पिशवी एकदा वापरून फेकली असं कधी झालं नाही. ब्रेडच्या पिशव्या, फ्रीजरच्या पिशव्या, सगळ्या धुऊन बाटल्यांवर पालथ्या घातलेल्या असत, आणि आइस्क्रीमचा डबा उघडला तर आत तूरडाळ निघायची.

त्या बुधवारी गल्लीत फारसं काही नव्हतं. म्हणून आई पुढच्या रस्त्यानं गेली. शेजारी डोरीन नावाची एक म्हातारी एकटी राहायची, ॲबीची आजी. आई तिला डोरीनबाई म्हणायची, कारण एवढ्या मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायला तिची जीभ वळत नसे. डोरीनबाई बोलायला तिखट, लाल चौकड्यांचं जाड जॅकेट घालून स्वतःच्या छपरावरची पानं स्वतः काढणारी. आमच्याशी तिचं मान हलवण्यापुरतं नातं होतं. तर तिच्या अंगणात, झाडाखाली, रस्त्याच्या कडेला सात पिशव्या ओळीनं ठेवलेल्या. केशरी रंगाच्या, गच्च भरलेल्या, आणि प्रत्येकीवर काळे डोळे आणि दात विचकलेलं तोंड. त्या दिवशी कचऱ्याचा वार. आईला त्या तोंडांचं काही वाटलं नाही. आपल्याकडे साडीच्या दुकानाच्या पिशवीवर बाई असते की, तसं काहीतरी असेल, असं तिनं नंतर मला सांगितलं. गेल्या वर्षी आम्ही पोचलो तोवर हॅलोविन, ऑक्टोबरअखेरचा भुतांचा सण, होऊन गेलं होतं. तो सण आम्ही पाहिलाच नव्हता.

मी पुढच्या दारानं शाळेत गेले, त्यामुळे मला यातलं काहीच माहीत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ॲबी लाल डोळे करून आली. तिच्या आजीच्या अंगणातले भोपळे चोरीला गेले म्हणे. कसले भोपळे? तर दरवर्षी ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला डोरीनबाईची सातही नातवंडं जमायची, अंगणातला पाला गोळा करायची, आणि भोपळ्याचं तोंड छापलेल्या एकेका पिशवीत एकेकानं पाला पायानं तुडवून भरायचा. मागे आपलं नाव लिहायचं. ते सात भोपळे हॅलोविनपर्यंत अंगणात बसायचे. ॲबी दोन वर्षांची असल्यापासून हे चालू होतं. "कोण असं करतं?" ती म्हणाली. "समबडी रियली सिक." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मीही त्या चोराला दोन शिव्या दिल्या. मनापासून दिल्या, हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

घरी मी मागच्या गल्लीनं आले. कपड्यांच्या दोरीवर सात केशरी तोंडं उलटी टांगलेली, साबणाच्या पाण्यानं धुतलेली, टपटप गळत होती. वाऱ्यानं एक पिशवी फिरली आणि मागची अक्षरं दिसली. ॲबी. मी धावत जाऊन सगळ्या ओढून काढल्या आणि बेसमेंटमध्ये भट्टीच्या मागे कोंबल्या. दहा मिनिटांत आई खाली आली. "ए पोट्टे, माझ्या पिशव्या काढल्या का?" मग मला सगळं सांगावं लागलं. आई ऐकता ऐकता जिन्याच्या पायरीवर बसली.

"म्हणजे ते शोभेचं होतं?"

"हो."

"लेकरांनी केलेलं?"

"हो आई."

"आणि मी ते धुतलं!"

एरवी आम्ही हसून लोळलो असतो. तेव्हा आईनं, पदर नव्हता म्हणून, ओढणीनं तोंड झाकलं. वर्गात एखाद्या पोरानं खडू चोरला तरी त्याला तासभर उभं करणारी बाई ती. संध्याकाळी बाबा आले, त्यांनी कपाळावर हात मारला, आणि मग समजूत काढत म्हणाले, "जाऊ दे ना. अंधार पडला की पाला भरू आणि गुपचूप ठेवून येऊ. कोणाला कळणार आहे?" आई ताडकन उठली. "नेताना मी चोरासारखं नेलं नाही, तर ठेवताना चोरासारखं काहून ठेवू?" ती तशीच शेजारी गेली, दार वाजवलं. घर बंद. डोरीनबाई बहिणीच्या शेतावर गेली होती, शुक्रवारी रात्री यायची होती. मी म्हटलं, मी ॲबीला सांगते. आई म्हणाली, "चूक मोठ्या माणसानं केली, मोठं माणूसच सांगेल."

ते दोन दिवस मी विसरले नाही. आई वाफ्याकडे गेली नाही. पडदे ओढून घेतले. जेवताना भाताची शितं चिवडत बसायची. आणि गुरुवारी जाळीतून आवाज आला, "मी म्हटलं होतं ना तुम्हाला. माझ्यासारख्या बाईचं इथं काही खरं नाही. इथलं मला काही कळत नाही हो." बाबा काहीतरी म्हणाले, ते ऐकू आलं नाही. मला एवढंच कळलं की दिवाळीचा निकाल लागलाय. शनिवारी आमच्या रस्त्यावरचे सगळे लोक मिळून अंगणं साफ करणार होते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगणापासून सुरुवात करायची, असा तिथला रिवाज. म्हणजे आई माफी मागणार ती सगळ्या रस्त्यासमोर. लोक हसणार, आणि आई सामान बांधणार. मी ठरवलं, हे मी होऊ देणार नाही. नाहीतरी बोलायचं मलाच होतं. आईचं इंग्रजी मीच होते.

शनिवारी चांगलं ऊन पडलं होतं. डोरीनबाईच्या अंगणात दहा-बारा माणसं रेक घेऊन लागली होती, ॲबी आणि तिची भावंडंही होती. आई केस नीट विंचरून, शाळेत तपासणी असताना घालायची तो निळा ड्रेस घालून निघाली. वर जॅकेट, हातात सात पिशव्या, इस्त्री केल्यासारख्या घड्या घातलेल्या. एका खांद्यावर तिचा खराटा. आम्ही आत शिरलो तसे रेक थांबले. सगळ्यांना पिशव्या दिसल्या. ॲबीला दिसल्या. डोरीनबाई हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

आई मला म्हणाली, "सांग त्यांना. मी नेल्या, मला कचरा वाटला, माझी चूक झाली. असंच्या असं सांग."

मी इंग्रजीत सांगितलं की, वाऱ्यानं या पिशव्या मागच्या गल्लीत गेल्या होत्या. तोंड सुटून पाला सांडला होता. माझ्या आईला त्या तिथं मिळाल्या, आणि तिनं धुऊन परत आणल्या. घडाघडा सांगितलं, दोन दिवस मनात पाठ केलेलं. दाढीवाला एक शेजारी म्हणालासुद्धा, "ओ, दॅट्स सो नाइस ऑफ हर." सुटलो असं मला वाटलं.

माझ्या खांद्यावर आईचा हात पडला. जोरात नाही. "तू बाजूला हो," ती म्हणाली. बोललेलं तिच्या कानाला लागत नसे असं मी आधी सांगितलंय, पण स्वतःची पोर खोटं बोलतेय हे कळायला आईला इंग्रजी लागत नाही. ती डोरीनबाईच्या समोर जाऊन उभी राहिली आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलली.

"नो विंड. नो लेन. युअर यार्ड. आय टुक. माय डॉटर नॉट थीफ, नॉट लायर, शी इज स्केअर्ड फॉर मी. आय थॉट गार्बेज. आय वॉज राँग. आय ॲम टीचर, आय शुड आस्क फर्स्ट. सॉरी."

आणि मग ॲबीकडे वळून, "सॉरी, बेटा."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शरमेचं होतं, पण सगळं शरमेचं नव्हतं. आयुष्यात मी बरीच मोठी माणसं मोठ्या सभांमधून बोलताना ऐकली. तेवढ्या थोड्या शब्दांत एवढं खरं बोललेलं मी पुन्हा ऐकलं नाही. ती माझी आई होती, आणि तिला घेरून उभ्या असलेल्या त्या सगळ्या उंच माणसांत मला तीच उंच दिसत होती.

डोरीनबाईनं पिशव्या घेतल्या, एक उलगडून उजेडात धरली. "तू या धुतल्यास?"

"येस."

"व्हेअर आर माय लीव्ह्ज?"

आईनं आमच्या अंगणाकडे बोट दाखवलं. डोरीनबाई निघालीच. कुंपणाच्या फाटकातून थेट मागे, आणि तिच्या मागे आई, मी, ॲबी आणि रस्त्यावरचे निम्मे लोक. वाफ्याशी येऊन ती म्हातारी गुडघ्यांवर बसली, पाल्यात कोपरापर्यंत हात घातला आणि खालून मूठभर माती काढली. चुरडली, नाकाशी नेली. गंबोला शिव्या देत शेतावर वाढलेली बाई ती. तिचे वडील कापणीनंतर गव्हाचं काड असंच मातीत दाबायचे, हे तिनं सांगितलं, आणि किती खोल टाकलंस, पाणी किती देतेस, असं एकामागून एक विचारत सुटली. आई हातांनी दाखवत, मधे मधे शब्द टाकत उत्तरं देत होती. मी भाषांतर करायला पुढे झाले तर दोघींनीही मला हातानंच गप्प केलं.

मग डोरीनबाई उठली, गुडघे झाडले. हसली वगैरे नाही. "सात पिशव्या भरून दे," म्हणाली. "आणि नुसता पाला कोंबायचा नाही. मुलांनी तुडवून भरल्या होत्या. तशाच पाहिजेत."

दुपारी तीन वाजेपर्यंत आई डोरीनबाईचं अंगण झाडत होती. खराटा बघायला लोक येत होते, एकानं मागून चालवून पाहिला, त्याला काही तो जमला नाही. मी पिशवीत उभी राहून पाला तुडवत होते. ॲबी लांब बसून होती, तोंड फुगवून. पाचव्या पिशवीला ती उठून आली आणि दुसऱ्या बाजूनं पाय घालून माझ्याबरोबर तुडवायला लागली. मग म्हणाली, "यू लाइड टु माय फेस." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "युअर मॉम डिडंट." मी म्हटलं, हो. तेवढ्यावर आमचं मिटलं. लहानपणी भांडणं किती स्वच्छ मिटतात! मोठेपणी मला त्यासाठी वर्षं लागलीत. शेवटी तो दाढीवाला एकचाकी गाडीत स्वतःच्या अंगणातला पाला घेऊन आमच्या फाटकाशी आला आणि आईला म्हणाला, "वाँट टु स्टील दिस टू?" मला वाटलं, आता आई कोसळते. आईनं पाला चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाली, "येस. बट ब्रिंग ड्राय वन नेक्स्ट टाइम." सगळा रस्ता खो खो हसला.

त्या संध्याकाळी मी आईच्या पायाला तेल लावत होते. तिनं विचारलं, "खोटं काहून बोलली?" मी सांगून टाकलं, जाळीतून ऐकलेलं, मार्चचं, दिवाळीचं, सगळं. "तू परत जाशील म्हणून," मी म्हटलं. "जायचं तर मी माझ्या मनानं जाईन," आई म्हणाली. "कोणी हसलं म्हणून नाही जाणार. आणि हे बघ, माझ्यासाठी तू पुन्हा खोटं बोलायचं नाही." मग उठून तिनं त्या जाळीवर एक पायपुसणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावरची मंडळी गाड्या काढून खोऱ्यातल्या एका भोपळ्याच्या शेतावर निघाली. दरवर्षीची सहल, आम्हाला पहिल्यांदाच बोलावणं. बोलावणं म्हणजे डोरीनबाईनं सकाळी दार वाजवून "टेन मिनिट्स" एवढंच सांगितलं. सपाट माळ संपून एकदम खोल खोरं लागतं, उतारावर सगळी झाडं पिवळीजर्द, खाली पाण्याची रेघ. ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीत गवताच्या गाठोड्यांवर बसून आम्ही शेतभर फिरलो. आई भोपळे बोटानं वाजवून बघत होती, आणि शोभेचे सोडून खायच्या भोपळ्यांच्या ढिगात जाऊन बसली होती. "कोहळं पाहा किती छान आहे! याची गोड बोंडं तळते." डोरीनबाई तिच्या मागे मागे, हा कशावरून चांगला, तो का नाही, विचारत. परतताना दोघी गाडीत शेजारी शेजारी डुलक्या घेत होत्या. हॅलोविनला सात भोपळे पुन्हा आपल्या जागी बसले, आणि भुतांची सोंगं घेऊन खाऊ मागत आमच्या दारात आलेल्या पोरांना आईनं चॉकलेटबरोबर एकेक गरम बोंड दिलं. काहींनी खाल्लं, काहींनी झुडपात टाकलं. तेही आईनं दुसऱ्या दिवशी वेचून वाफ्यात घातलं.

त्या वर्षी दिवाळी त्यानंतर आठवड्यानं आली. बर्फ पडलं होतं, बाहेर पणत्या टिकेनात म्हणून आम्ही खिडकीत लावल्या. आई चकल्या तळत होती. मी कडबोळी वळत होते, आणि माझं सगळं लक्ष बाबांकडे होतं. ते दोनदा स्वयंपाकघरात येऊन नुसतेच परत गेले होते. तिसऱ्यांदा आले, खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला.

"दिवाळी आली," ते म्हणाले. "मी शब्द दिला होता. तिकिटं बघू का?"

माझ्या हातातलं कडबोळं तुटलं. आईनं चकल्या उलटल्या. झारा कढईच्या काठावर निथळत ठेवला, गॅस बारीक केला. मग मागे न बघता म्हणाली,

"दोनच काढा. तुमचं आणि पोरीचं. मला नाही यायचं. मला इथं लोक ओळखतात."